स्ट्रेचर खांद्यावर घेतलेले गांधी: युद्धसेवा आणि पदकांविषयी वारंवार विचारले जाणारे प्रश्न

शाळेत गांधीजींचं दक्षिण आफ्रिकेतलं आयुष्य सुरू होतं पीटरमारित्झबर्गच्या फलाटावर, १८९३ साली, आणि तिथून धडा थेट १९०६ च्या सत्याग्रहावर जातो. मधल्या तेरा वर्षांत या माणसाने दोन युद्धांमध्ये जखमी सैनिक उचलले, त्याबद्दल सरकारी पदकं घेतली, ती जपून ठेवली आणि पुढे एके दिवशी परत केली. हे सांगितलं की ऐकणारे हमखास काही प्रश्न विचारतात. माझ्याकडे सर्वाधिक वेळा आलेले प्रश्न इथे एकत्र केले आहेत.

गांधीजी खरोखर रणांगणावर गेले होते का? की नुसतं पथक उभं करून दिलं?

स्वतः गेले होते. दुसरं बोअर युद्ध (ब्रिटिश विरुद्ध बोअर, म्हणजे दक्षिण आफ्रिकेतले डच वंशाचे गोरे) ऑक्टोबर १८९९ मध्ये सुरू झालं तेव्हा ते तीस वर्षांचे होते आणि डरबनमध्ये त्यांची वकिली उत्तम चालली होती. डिसेंबर १८९९ मधली कोलेन्सोची लढाई, जानेवारी १९०० मधली स्पिऑन कॉपची आणि लगेच फेब्रुवारीतली वाल क्रान्त्झची, या तिन्ही ठिकाणी त्यांचं पथक कामावर होतं. पथकातला त्यांचा हुद्दा सहायक अधीक्षकाचा होता. हुद्दा असला तरी स्ट्रेचरची दांडी त्यांच्याही खांद्यावर येत असे.

थोडा भूगोल सांगतो, म्हणजे पुढचं कळायला सोपं जाईल. ही सगळी ठिकाणं नाताळ या ब्रिटिश वसाहतीतली, तुगेला नदीच्या आसपासची. (वास्को द गामा १४९७ च्या ख्रिसमसच्या सुमारास त्या किनाऱ्याजवळून गेला, म्हणून त्या प्रदेशाला हे नाव पडलं. आपल्या सणाला आपण नाताळ म्हणतो तो शब्दही पोर्तुगीजांकडूनच आला.) नदीपलीकडे लेडीस्मिथ शहराला बोअरांनी वेढा घातला होता आणि तो फोडायला ब्रिटिश जनरल बुलर पुन्हा पुन्हा नदी ओलांडू पाहत होता. प्रत्येक प्रयत्नात माणसं कापली जात होती. त्या माणसांना उचलायला हात हवे होते.

पण ब्रिटिशांच्या बाजूने का?

हा प्रश्न सगळेच विचारतात आणि विचारायलाच हवा. त्यांचं उत्तर त्यांनी स्वतः लिहून ठेवलं आहे: मनाने ते बोअरांच्या बाजूचे होते. छोटी जमात, स्वतःच्या भूमीसाठी लढणारी. तरीही त्यांनी ब्रिटिशांची बाजू घेतली. आपण जे हक्क मागतो ते ब्रिटिश प्रजाजन म्हणून मागतो, मग राज्यावर संकट आलं असता प्रजाजनाचं कर्तव्य टाळून कसं चालेल, असा त्यांचा हिशेब होता.

याच्या जोडीला एक टोचणीही होती. नाताळमधले गोरे भारतीयांना सरसकट हिणवत. हे लोक पैसा जमवायला आलेत, लाकूड पोखरणाऱ्या किड्यासारखे आपल्याला पोखरतायत, संकट आलं तर यांचा काडीचा उपयोग नाही. शस्त्र चालवण्याचं शिक्षण भारतीयांपैकी कुणालाच नव्हतं. जखमींची सेवा मात्र करता येण्यासारखी होती.

माझं प्रामाणिक मत विचाराल तर त्या काळच्या त्यांच्या जागी उभं राहिल्यावर हा युक्तिवाद समजतो, पण पटत नाही. त्याच युद्धात पुढे ब्रिटिशांच्या छावण्यांमध्ये वीस हजारांहून जास्त बोअर स्त्रिया आणि मुलं आजाराने व उपासमारीने मेली. काळ्या आफ्रिकींसाठी वेगळ्या छावण्या होत्या आणि तिथेही हजारो गेले. गांधींचं पथक तोवर विसर्जित झालं होतं, तरी ते काम झालं होतं त्याच सैन्यासाठी.

सरकारने त्यांची मदत लगेच स्वीकारली का?

नाही. पहिल्यांदा सरळ नकार आला. पण डरबनच्या एका मिशनचे डॉ. बूथ आणि नाताळचे बिशप यांनी पाठिंबा दिला, आणि मुख्य म्हणजे आघाडीवर माणसं कमी पडू लागली. डिसेंबरमध्ये कोलेन्सोची लढाई तोंडावर आली तेव्हा होकार आला.

या पथकात कोण कोण होतं?

एकूण सुमारे अकराशे माणसं. त्यांच्यावर जवळपास चाळीस नायक. अकराशेंपैकी तीनेकशे स्वतंत्र भारतीय होते, बाकी सगळे गिरमिटिये.

इथे जरा थांबतो, कारण या अकराशेंबद्दल कुणीच विचारत नाही. गिरमिटिया म्हणजे ‘ॲग्रीमेंट’वर अंगठा उठवून उसाच्या मळ्यात, खाणीत किंवा रेल्वेत पाच वर्षांसाठी बांधला गेलेला मजूर. १८६० पासून मद्रास आणि कलकत्त्याहून अशी जहाजं नाताळला जात होती. पथकात यायलाही त्याला मालकाची परवानगी लागे. १८९५ मध्ये नाताळने कायदा केला: करार संपल्यावर मायदेशी परतायचं नसेल किंवा नवा करार करायचा नसेल, तर वर्षाला ३ पौंड कर भरा. मजुराला तो परवडणं कठीण होतं, आणि कर लावण्यामागचा हेतूही तोच होता. म्हणजे ज्या वसाहतीने यांना टिकू द्यायचं नाही असं ठरवलं होतं, तिचे जखमी हीच माणसं वाहत होती. तो कर रद्द व्हायला १९१४ साल उजाडलं.

नायक विनावेतन काम करत. डरबनच्या भारतीय व्यापाऱ्यांनी खर्चाला हातभार लावला आणि जखमींना वाटायला विडी-तंबाखूचं सामान पाठवलं. बायकांनी उशांचे अभ्रे आणि रुमाल शिवून दिले.

वकिलाला जखमा बांधणं कुणी शिकवलं?

डॉ. बूथ यांनी. ते डरबनच्या सेंट एडन्स मिशनचे प्रमुख होते. युद्धाच्या आधीपासूनच गांधीजी रोज थोडा वेळ त्यांच्या धर्मादाय दवाखान्यात घालवत. रुग्णांची विचारपूस करायची, तक्रार डॉक्टरांना सांगायची आणि चिठ्ठीप्रमाणे औषध द्यायचं, असं कंपाउंडरचं काम. त्या दवाखान्याला पैसा पुरवला होता डरबनचे व्यापारी पारशी रुस्तमजींनी. तिथे येणारे बहुतेक रुग्ण गिरमिटिये, त्यामुळे पुढे ज्यांच्याबरोबर स्ट्रेचर उचलायचं त्या माणसांची ओळख या दवाखान्यात झाली. युद्धात डॉ. बूथ स्वतः पथकाबरोबर गेले.

स्ट्रेचर वाहणाऱ्याचं नेमकं काम काय असतं? त्यात पदक मिळण्यासारखं काय आहे?

हा प्रश्न विचारणाऱ्याने बहुधा कधी माणूस खांद्यावरून नेलेला नसतो. मी एकदा नेला आहे. आमच्या घाटातल्या वाडीला रस्ता नव्हता तेव्हा आजारी माणसाला घोंगडीच्या झोळीत घालून, वर बांबू ओवून खाली आणत. मी पंधरा वर्षांचा असताना तो बांबू माझ्या खांद्यावर आला. पहिल्या शंभर पावलांत काही वाटलं नाही. मग बांबू गळपट्टीच्या हाडात रुतायला लागला. उतारावर सगळं वजन पुढच्या माणसावर येतं, चढावर मागच्यावर. दोघांची पावलं जुळली नाहीत की झोळी हिंदकळते आणि आतला माणूस कण्हतो. ते कण्हणं आपल्या चुकीच्या पावलामुळे आहे हे आपल्याला कळत असतं. आम्ही दीड तास चाललो असू, तेही खांदा बदलत. पुढे आठवडाभर त्या खांद्यावर मला दप्तर घेता आलं नव्हतं.

गांधीजींचं पथक एका दिवसात वीस-पंचवीस मैल चालत होतं. पंचवीस मैल म्हणजे चाळीस किलोमीटर. पुणे स्टेशनहून निघून तेवढं चाललात तर शिरवळच्या अलीकडे पोचाल. पायाखाली खडकाळ वाट किंवा तुडवलेला चिखल, खांद्यावर गोळी लागलेला माणूस. डिसेंबर-जानेवारी म्हणजे तिकडे ऐन उन्हाळा. जखमींना रणांगणाजवळच्या तंबूतल्या इस्पितळातून मागच्या इस्पितळापर्यंत किंवा रेल्वेच्या टोकापर्यंत न्यायचं, रिकामं स्ट्रेचर घेऊन परत फिरायचं. काही जखमी इतके नाजूक अवस्थेत असत की बैलगाडीचे धक्के त्यांना सोसवले नसते. अशांना माणसाच्या खांद्यावरून नेण्यावाचून मार्ग नव्हता.

त्या काळी अंगात गोळी शिरलेला सैनिक जगेल की मरेल हे पुष्कळदा तो किती लवकर आणि किती न हिंदकळता टेबलापर्यंत पोचतो यावर ठरायचं. हात तुटलेला माणूस रडत-पडत चालू शकतो. पोटात किंवा मांडीत गोळी लागलेला हलूही शकत नाही. त्याच्यासाठी सगळं वैद्यकशास्त्र सुरू होतं ते दांडीला हात लावणाऱ्या माणसापासून.

कोलेन्सोला काय झालं?

१५ डिसेंबर १८९९. बुलरचा हल्ला साफ फसला, दहा तोफा बोअरांच्या हाती गेल्या, अकराशेच्या आसपास माणसं ठार, जखमी किंवा कैद झाली. तोफा वाचवायला जे पुढे धावले त्यांत ब्रिटिश सेनानी लॉर्ड रॉबर्ट्स यांचा मुलगा लेफ्टनंट रॉबर्ट्स होता. तो प्राणांतिक जखमी झाला आणि त्याला मरणोत्तर व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला. त्याला रणांगणावरून उचलून नेण्याचं काम आमच्या पथकाकडे आलं, असं गांधीजींनी लिहिलं आहे.

त्याच कूचबद्दल आत्मचरित्रात एक छोटा प्रसंग आहे, तो मला सगळ्या लढायांपेक्षा जास्त लक्षात राहिला आहे. दिवस उकाड्याचा. सगळ्यांचे घसे कोरडे. वाटेत एक लहानसा ओढा लागला. आधी कुणी प्यायचं? पथकाने ठरवलं होतं की गोऱ्या सैनिकांचं पिऊन झाल्यावर आपण प्यायचं. सैनिक म्हणाले, नाही, तुम्ही आधी प्या. थोडा वेळ ‘आधी तुम्ही’, ‘नाही, तुम्ही’ असंच चाललं. एरवी गोरे भारतीयांना फुटपाथवरून खाली उतरायला लावत. ओढ्याच्या काठावर मात्र दोघेही एकमेकांना पाणी देऊ पाहत होते.

गोळीबाराच्या हद्दीत जाण्याची सक्ती होती का?

करारानुसार नव्हती. भारतीय पथकाने गोळीबाराच्या टप्प्याबाहेर राहूनच काम करायचं, असं ठरलं होतं. पण स्पिऑन कॉपला पराभव झाल्यावर बुलरकडून निरोप आला: तुमच्यावर बंधन नाही, तरी रणांगणावरून जखमी आणाल तर सरकार आभारी राहील. पथकाने मागेपुढे पाहिलं नाही. बंधन नसताना धोक्यात जाणं ज्यांनी पत्करलं त्यांत गिरमिटिये मजूरही होते, हे पुन्हा सांगतो.

स्पिऑन कॉप हा आसपासच्या सपाटीवर उठलेला उंच डोंगर. ब्रिटिशांनी २३ जानेवारीच्या रात्री धुक्यात तो चढून माथा घेतला. सकाळी धुकं हटलं तेव्हा कळलं की आपण शत्रूच्या तोफांच्या तोंडात उघडे बसलो आहोत. खडकात चर खोल खणताच आला नव्हता. दिवसभर माणसं त्या उथळ चरात मरत राहिली. अडीचशेच्या आसपास ठार आणि कितीतरी जास्त जखमी. चढाईचं नेतृत्व करणारा जनरल वुडगेट डोक्याला जखम होऊन कोसळला. त्याला वाहून नेणाऱ्यांत गांधीजींचं पथक होतं. पुढे मार्चमध्ये तो दगावला.

त्या दिवसांतले गांधी प्रत्यक्ष पाहिलेल्या कुणी काही लिहून ठेवलं आहे का?

हो. व्हिअर स्टेंट नावाचे पत्रकार होते, ‘प्रिटोरिया न्यूज’चे संपादक. त्यांनी काही वर्षांनी लिहिलेलं वर्णन असं: रात्रभरच्या कामाने भलेभले धिप्पाड गडी मोडून पडले होते. पहाटे रस्त्याच्या कडेला गांधी बसलेले दिसले, लष्करी शिध्यातलं बिस्किट खात. बुलरच्या फौजेतला प्रत्येक जण खचलेला, जो तो कशाला ना कशाला शिव्या घालत होता. हा माणूस तेवढा शांत, बोलण्यात उमेद आणि नजरेत माया.

लष्करी बिस्किट म्हणजे आपल्या चहाबरोबरचं बिस्किट नव्हे. दगडासारखं कडक, पाण्यात बुडवल्याशिवाय दात लागणार नाही असं. रात्रभर माणसं वाहून, रस्त्याकडेला बसून, तेवढ्यावर सकाळ काढणारा तीस वर्षांचा बॅरिस्टर. त्यांचं हे चित्र मला चरख्यासमोरच्या चित्राइतकंच मोलाचं वाटतं.

त्याच डोंगरावर चर्चिल होते, हे खरं का?

खरं आहे. विन्स्टन चर्चिल तिथे बातमीदार आणि लष्करी अधिकारी अशा दुहेरी भूमिकेत होते, निरोप घेऊन माथ्यावर गेले-आले. समोर बोअरांचा सेनापती लुई बोथा, पुढे दक्षिण आफ्रिकेचा पहिला पंतप्रधान. तिथे या तिघांची भेट झाल्याची नोंद मात्र नाही.

भारतातून डोलीवाले गेले होते, ते हेच पथक का?

नाही, ही गल्लत बरेच जण करतात. युद्धासाठी भारतातून आलेल्या फौजेबरोबर लष्कराची फिरती इस्पितळं आणि डोलीवाले आले होते. ते लष्कराचे नोकर. गांधीजींचं पथक नाताळमध्येच राहणाऱ्या भारतीयांचं, स्वयंसेवी.

नाताळमधल्या भारतीयांचा विषय निघालाच आहे तर लेडीस्मिथच्या प्रभुसिंगाबद्दल सांगायलाच हवं. वेढ्यात अडकलेला हा गिरमिटिया. अंबुलवाना डोंगरावर बोअरांची मोठी तोफ होती. प्रभुसिंगाला झाडावर बसवलं होतं. तोफेचा झोत दिसला की त्याने घंटा वाजवायची, म्हणजे गोळा पडेपर्यंत लोकांना आडोसा मिळेल. तो स्वतः उघड्यावरच. त्याची हकिकत लॉर्ड कर्झनच्या कानावर गेली, त्यांनी काश्मिरी झगा पाठवला आणि तो जाहीर समारंभात द्यावा असं कळवलं. डरबनच्या महापौरांनी टाऊन हॉलमध्ये तो दिला. गांधीजींनी ही गोष्ट येरवड्याच्या तुरुंगात लिहायला घेतलेल्या आठवणींत नोंदवली आहे. तिथे हाताशी कागदपत्रं नव्हती, तरी वीस वर्षांनंतर प्रभुसिंगाचं नाव त्यांच्या ध्यानात होतं.

मिळालेलं पदक शौर्याचं होतं का?

नाही. बुलरच्या खलित्यात पथकाच्या कामाची दखल घेतली गेली आणि ३७ नायकांना युद्धपदक मिळालं. हे त्या युद्धात सेवा केल्याबद्दलचं पदक, व्हिक्टोरिया क्रॉससारखं शौर्यपदक नव्हे. ‘गांधींना शौर्यपदक मिळालं’ असे संदेश फिरतात ते चुकीचे आहेत.

एकंदर तीन पदकं: बोअर युद्धाचं, नाताळमधल्या झुलू या आफ्रिकी जमातीविरुद्धच्या १९०६ च्या मोहिमेचं, आणि दक्षिण आफ्रिकेतल्या लोकसेवेबद्दल १९१५ मध्ये मिळालेलं कैसर-ए-हिंद सुवर्णपदक. हे तिसरं त्यांना पुण्यात, मुंबईचे गव्हर्नर लॉर्ड विलिंग्डन यांच्या हस्ते मिळालं.

एक गोष्ट मला विचार करायला लावते. १९०१ मध्ये ते भारतात परतायला निघाले तेव्हा नाताळच्या भारतीयांनी त्यांना सोन्या-हिऱ्याचे दागिने भेट दिले. रात्रभर झोप लागली नाही, आणि कस्तुरबांचा विरोध असतानाही त्यांनी ते सगळं ट्रस्टच्या हवाली केलं. सेवेची किंमत घ्यायची नाही म्हणून. युद्धपदक मात्र जवळ ठेवलं. मला वाटतं त्यांच्या लेखी ती किंमत नव्हती, आपणही या राज्याचे नागरिक आहोत याचा तो पुरावा होता. त्या सुमारास नाताळच्या वर्तमानपत्रांत भारतीयांच्या कौतुकाचं गाणं छापून आलं होतं. ‘अखेर आम्ही साम्राज्याची लेकरं’ हे त्याचं पालुपद. त्यांनी त्यावर विश्वास ठेवला होता.

१९०६ मध्ये ते पुन्हा का गेले? तेव्हा तर झुलूंवर अन्याय होत होता.

होत होता, आणि तो त्यांना तिथे गेल्यावर दिसला.

नाताळ सरकारने प्रौढ पुरुषांवर डोईमागे १ पौंडाचा कर बसवला. झुलूंनी विरोध केला, बंबाथा नावाच्या सरदाराने उठाव केला. गांधीजी तेव्हा जोहान्सबर्गला होते. त्यांनी तिथलं बिऱ्हाड मोडलं, कस्तुरबांना डरबनजवळच्या फिनिक्स आश्रमात पाठवलं आणि चोवीस जणांचं पथक घेऊन निघाले. त्यांत चार गुजराती, एक पठाण, बाकी सगळे करार संपलेले दक्षिण भारतीय. गांधीजींना सार्जंट मेजरचा तात्पुरता हुद्दा मिळाला. ते जून १९०६ च्या अखेरीस आघाडीवर पोचले तेव्हा बंबाथाचा पाडाव होऊन गेला होता. उरली होती ती शिकार. ‘शिकार’ हा शब्द माझा नाही. हे युद्ध नव्हतं, माणसांची शिकार होती, असं त्यांनीच लिहिलं आहे.

पथकाला उचलायला जखमी गोरे सैनिक फारसे नव्हतेच. डॉक्टरांनी त्यांना झुलूंकडे पाठवलं. तिथले बरेचसे लढाईत जखमी झालेले नव्हते. संशयावरून धरून त्यांना फटके मारले होते, आणि पाच-सहा दिवस कुणी हात न लावल्याने पाठीवरचे वळ चिघळून त्यांना घाण सुटली होती. काही तर सरकारच्याच बाजूचे, ओळखीचा बिल्ला दिलेले, तरी चुकून गोळ्या लागलेले. गोऱ्या परिचारकांना त्यांना शिवायचं नव्हतं. भारतीय पथक जखमा धुऊन बांधू लागलं तेव्हा गोरे शिपाई कुंपणापलीकडून डोकावून म्हणत, कशाला हात लावता त्यांना? पथक ऐकत नाही म्हटल्यावर झुलूंना शिव्या देत. झुलूंना आणि यांना एकमेकांची भाषा येत नव्हती. पण चेहऱ्यावरून त्यांचं समाधान कळायचं, असं गांधीजींनी लिहिलं आहे.

कधी कधी दिवसाला चाळीस मैलांपर्यंत चाल होई. त्या सुनसान टेकड्यांवरून, शांत झोपड्यांजवळून येणारे बंदुकांचे आवाज ऐकत चालताना त्यांनी आयुष्याचा मोठा विचार केला. ब्रह्मचर्याचं व्रत घेण्याचा निर्णय याच काळातला.

जुलैमध्ये पथक विसर्जित झालं. ऑगस्टमध्ये ट्रान्सव्हाल (जोहान्सबर्ग ज्यात येतं ती वसाहत) सरकारने आशियाई लोकांच्या सक्तीच्या नोंदणीचा मसुदा छापला: बोटांचे ठसे द्या, परवाना बाळगा. ११ सप्टेंबर १९०६ ला जोहान्सबर्गच्या एम्पायर थिएटरात सभा भरली आणि सत्याग्रह जन्माला आला. खांद्यावरचं स्ट्रेचर उतरवून दोन महिनेही झाले नव्हते.

तरुण गांधी आफ्रिकी लोकांबद्दल वाईट लिहीत, मग ही सेवा म्हणजे दिखावा नव्हता का?

त्यांच्या सुरुवातीच्या लेखनात आफ्रिकींबद्दल हीन शब्द आहेत, आणि भारतीयांना त्यांच्या पंगतीत बसवू नका अशी मागणीही आहे. ते नाकारण्यात अर्थ नाही. मी ते लपवून ठेवलं तर या पानावरच्या बाकीच्या मजकुरावर तुम्ही का विश्वास ठेवाल? शिवाय १९०६ मध्ये ते सरकारच्या बाजूने गेले होते, झुलूंच्या नव्हे.

पण दिखावा? चिघळलेल्या पाठी कुणी दिखाव्यासाठी धूत नाही, तेही बघणारा शिव्या देत असताना. माणूस चुकीच्या बाजूने जाऊन समोर येईल त्याची सेवा मनापासून करू शकतो, आणि त्या सेवेतून त्याची नजर बदलू शकते. इथे तसं झालं असं मला वाटतं.

पहिल्या महायुद्धातही ते स्ट्रेचर वाहत होते का?

प्रत्यक्ष आघाडीवर नाही. ६ ऑगस्ट १९१४ ला ते लंडनला पोचले ते गोखल्यांना भेटायला. गोखले पॅरिसला अडकले होते आणि दोनच दिवसांपूर्वी युद्ध जाहीर झालं होतं. गांधीजींनी ऐंशीच्या आसपास भारतीयांचं पथक उभं केलं. डॉ. कँटली यांनी प्रथमोपचार शिकवले. सरोजिनी नायडूंनी सैनिकांसाठी बेतलेले कपडे आणून शिवायला दिले. पथकावर नेमलेल्या कर्नलने कॉर्पोरल आपल्या मर्जीने वरून लादले, तेव्हा गांधीजींनी तिथेही सत्याग्रह केला. मग नेटलीच्या इस्पितळात जखमी भारतीय शिपाई येऊ लागले आणि पथकातले बरेच जण शुश्रूषेला गेले. गांधीजींना मात्र प्लुरसीने, म्हणजे फुप्फुसाच्या आवरणाच्या सुजेने, अंथरुणावर पाडलं. त्यांच्यावर उपचार करणारे डॉ. जीवराज मेहता पुढे मुंबईच्या केईएम रुग्णालयाचे पहिले डीन झाले.

जखमींची सेवा म्हणजे अहिंसाच की. मग युद्धात भाग घेतला असं कसं म्हणता येईल?

ही पळवाट त्यांनी स्वतःला दिली नाही. आत्मचरित्रात ते लिहितात त्याचा आशय असा: दरोडेखोरांच्या टोळीचं सामान वाहणारा, ते दरोडा घालतात तेव्हा राखण करणारा, जखमी झाले तर शुश्रूषा करणारा हा दरोडेखोरांइतकाच दरोड्याचा वाटेकरी. त्याच न्यायाने, युद्धात फक्त जखमी सांभाळणाराही युद्धाच्या दोषातून सुटत नाही.

स्वतःच्या सर्वांत कष्टाच्या सेवेबद्दल माणूस इतकं परखड लिहितो. दुसरं कुणी हे लिहिलं असतं तर मी त्याच्याशी भांडलो असतो. मांडीत गोळी लागलेल्या पोराला पंचवीस मैल वाहून नेणारा आणि गोळी झाडणारा एकच कसा? पण लिहिणाऱ्याच्या खांद्यावर ते ओझं होतं, म्हणून मी गप्प बसतो.

पदकं परत कधी आणि का केली?

१ ऑगस्ट १९२० ला, व्हाइसरॉय लॉर्ड चेम्सफर्ड यांना पत्र लिहून. कारणं दोन: खिलाफतीबाबत दिलेला शब्द मोडला गेला, आणि पंजाबातल्या अत्याचारांनंतर, जालियनवाला बागेनंतरही, अधिकाऱ्यांना पाठीशी घातलं गेलं. पत्रात तिन्ही पदकांचा नावानिशी उल्लेख आहे: कैसर-ए-हिंद, झुलू युद्धाचं आणि बोअर युद्धाचं. आणि ती परत करताना मनाला वेदना होत नाहीत असं नाही, हेही त्यांनी लिहिलं आहे. ते वाक्य शोभेचं नाही. कोलेन्सोचा ओढा, स्पिऑन कॉपची पहाट, झुलूंच्या पाठी, हे सगळं त्या धातूच्या तुकड्यांत होतं.

असहकाराची सुरुवातही त्याच तारखेला झाली, आणि त्याच दिवशी पहाटेपूर्वी मुंबईत सरदारगृहात लोकमान्य टिळक गेले होते. पाऊस कोसळत होता. लाखो माणसं रस्त्यावर होती. अंत्ययात्रा चौपाटीकडे निघाली तेव्हा गर्दीतून पुढे होऊन गांधीजींनी खांदा दिला.